अकराव्या आठवड्याची वजनं

मकदूम काटेवाले यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले, ती भांडायला. आमच्या कॉलेजच्या विभागाचा नवा इलेक्ट्रॉनिक काटा त्यांनी तपासून "बरोबर आहे" म्हणून परत पाठवला होता, आणि माझ्या मते तो बरोबर नव्हता. एकच पिल्लू मी तीनदा ठेवून पाहिलं होतं. एकतीस ग्रॅम, सत्तावीस ग्रॅम, चौतीस ग्रॅम. तीन-चार ग्रॅमांचा फरक म्हणजे काय असं कुणालाही वाटेल, पण तीस ग्रॅमांच्या पिल्लात तो फार मोठा आहे, आणि माझी पीएच.डी. त्या ग्रॅमांवरच उभी राहायची होती.

आमच्याच शहरातल्या शुक्रवार पेठेत एका कापडाच्या दुकानाच्या बाजूला त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक माणूस मांडी घालून बसेल आणि दुसरा पायरीवर टेकेल एवढी जागा. भिंतीला पितळी पारडी टांगलेली, खाली लाकडी ठोकळ्यात किलोपासून ग्रॅमपर्यंत वजनं. त्यांचे वडील आणि आजोबाही हेच करायचे. काटे दुरुस्त करायचे, व्यापाऱ्यांची वजनं घासून बरोबर करायची आणि दरवर्षी सरकारी शिक्का मारून आणायचा. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून काम निम्म्याहून कमी झालं होतं. वय छप्पन्न-सत्तावन्न, अंगाने बारीक, पांढरी दाढी नीट कापलेली.

माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी काट्यावर एकामागून एक शिक्क्याची वजनं ठेवली. वीस ग्रॅम, पन्नास, शंभर. काटा प्रत्येक वेळी तेवढंच दाखवत होता. मग त्यांनी विचारलं, पिल्लू कशात ठेवून तोलता? मी म्हटलं, तसंच ठेवतो, प्लास्टिकच्या डब्यात.

"काटा खरं बोलतोय, मॅडम. पिल्लू हलतंय, त्याला काटा काय करणार?"

त्यांनी सांगितलं की काळ्या कापडाची पिशवी शिवून घ्या, आधी रिकामी पिशवी तोला, मग पिल्लू आत टाका. अंधार झाला की ते गप बसतं. टेबलाऐवजी फरशीवर ठेवा, पंखा बंद करा. मी कॉलेजात जाऊन तसं केलं. तीनदा तोललं, तीनदा एकतीस.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले आणि आमच्या प्रकल्पाचं काम कराल का म्हणून विचारलं.

काम असं होतं. एकाच दिवशी फुटलेली साठ गावरान पिल्लं कानडी मुलखाच्या सीमेवर दुधनीला काशम्मा नावाच्या बाईंच्या परसात वाढवायची. कॉलेजच्या शेडमधे नाही, जशी गावात वाढतात तशीच. प्रत्येकाच्या पायात नंबरची कडी. वीस आठवडे दर गुरुवारी प्रत्येकाचं वजन घ्यायचं आणि मग त्या वजनांना गणिताचं सूत्र लावून बघायचं की गावरान कोंबडी वाढते कशी. ब्रॉयलरची अशी सूत्रं ढिगाने आहेत. आपल्या उकिरड्यावर फिरणाऱ्या कोंबडीची फार कमी. आतापर्यंत ज्यांनी काम केलं त्यांनी एक तर आठवडे गाळले, नाहीतर अंदाजाने आकडे टाकले, असं माझे मार्गदर्शक मल्लिकार्जुन सर नेहमी म्हणायचे. म्हणून मला नेमाचा आणि चोख माणूस हवा होता.

मकदूमचाचांनी थोडा वेळ विचार केला. घरी बायको आजारी असते, पण गुरुवार मोकळा असतो, असं म्हणाले आणि हो म्हणाले. काय आजार आहे ते मी विचारलं नाही. ते माझ्या लक्षात राहिलं आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी काम सुरू झालं. चाचा पहाटेच्या पॅसेंजरने निघायचे, मांडीवर लाकडी पेटीत काटा. काटा काशम्माकडे ठेवून यायला ते तयार नव्हते. चुलीचा धूर आणि धूळ बसली की त्याचा स्वभाव बदलतो, असं त्यांचं म्हणणं. मी साधारण एक आड एक गुरुवारी बरोबर जायची. आम्ही पोचायचो तेव्हा साडेसात-आठ वाजलेले असायचे आणि काशम्मा दारातच कुरकुर करत उभ्या असायच्या, कारण चाचांनी सांगून ठेवलं होतं की तोलून होईपर्यंत कोंबड्या कोंडून ठेवायच्या आणि दाणा टाकायचा नाही. गळ्यातली थैली भरली की वीस-तीस ग्रॅम वाढतात, आणि ते कोंबडीचं वजन नव्हे, ज्वारीचं.

"बर्री अण्णा, कुंड्री," काशम्मा म्हणायच्या, या, बसा, आणि लगेच मराठीत, "माज्या कोंबड्या उपाशी मराय लागल्यात की."

चाचा बसायचे नाहीत. आधी काटा फरशीवर मांडायचे, शिक्क्याचं वजन ठेवून बघायचे, मग पिशवी, मग पहिली कोंबडी. मी किंवा काशम्मा पकडून द्यायचो. ते कडीचा नंबर वाचायचे, पिशवीत घालायचे, आकडा थांबेपर्यंत थांबायचे आणि वहीत स्वतःच्या हाताने लिहायचे. साठ पिल्लांना दोन तास लागायचे. पहिल्या महिन्यात सहा गेली. दोन मुंगसाने नेली, तीन थंडीत, एक पाण्याच्या परातीत बुडालं. उरलेली चोपन्न धडधाकट होती.

परतीच्या गाडीत एकदा त्यांनी विचारलं, एवढी वजनं घेऊन पुढं काय करणार? मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला रेघ काढून दाखवली. आधी सावकाश चढते, मग एकदम झपाट्याने, मग पुन्हा सावकाश आणि शेवटी आडवी होते. या रेघेत तीन आकडे दडलेले असतात. कोंबडी शेवटी केवढी होणार, किती वेगाने होणार, आणि वेग कोणत्या आठवड्यात सगळ्यात जास्त असणार. त्या तिसऱ्या आकड्याला आम्ही वळणाचा बिंदू म्हणतो. तो कळला तर शेतकऱ्याला सांगता येतं की दाणा कधी वाढवा आणि कोंबडा कधी विका. गावरानात हे वळण दहा ते बारा आठवड्यांच्या आसपास असेल असा माझा अंदाज होता.

ते म्हणाले, "म्हणजे तेव्हाचं वजन चुकायला नको."

मी म्हटलं, "हो. तेव्हाचं तर नाहीच."

ज्या माणसाच्या नावाने हे सूत्र ओळखलं जातं, त्याने ते दोनशे वर्षांपूर्वी कोंबड्यांसाठी नाही, तर कोणत्या वयात किती माणसं मरतात याचं गणित मांडताना काढलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. तेव्हा ते फक्त पुस्तकातलं एक गमतीचं वाक्य होतं.

अकराव्या आठवड्यात मी पुण्याला एका कार्यशाळेला गेले होते. बुधवारी रात्री फोन केला तेव्हा चाचा नेहमीसारखेच बोलले. उद्या जातो म्हणाले. शनिवारी परत आले आणि अकराव्या आठवड्याचे आकडे विचारायला फोन केला. ते म्हणाले, घरी काम होतं, जमलं न्हाय. मी चिडले. दहा आठवडे एकही दिवस चुकला नव्हता आणि नेमका हा आठवडा चुकावा. दुसऱ्या दिवशी जायचं होतं, शुक्रवारी, शनिवारी, एक-दोन दिवस इकडे-तिकडे झालेले चालतात, मला कळवायचं तरी होतं. मी बरंच काही बोलले.  शेवटी ते म्हणाले, "पुढच्या गुरुवारी जातो."

पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम बरोबर गेले. ते स्टेशनवर होते, पेटी मांडीवर. दाढी वाढलेली होती, एवढंच वेगळं. गाडीत ते खिडकीतून बघत होते आणि मी माझ्या रागात होते.

तोलायला सुरुवात करून अर्धा तास झाला असेल. चाचांचे दोन्ही हात पिशवीत होते आणि त्यांचा फोन वाजायला लागला. तो थांबेना, म्हणून मी उचलला. पलीकडे त्यांची मुलगी शगुफ्ता होती, गुलबर्ग्याला दिलेली. मी कुणी नातेवाईक बाई आहे असं तिला वाटलं असावं. तिने विचारलं, अब्बांनी काही खाल्लं का? ते घरी नाहीत, शेजारीण म्हणते पहाटेच कुठंतरी गेले. अम्मीला जाऊन आज आठ दिवस झाले, आणि माणूस असा घराबाहेर पडतो, पेठेतले लोक काय म्हणतील?

मी फोन हातात धरून उभी राहिले. चाचांनी विचारलं, "कोण?" मी सांगितलं, शगुफ्ता. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "तिला सांगा खाल्लंय." मग पिशवीकडे बघून, "एकोणीस नंबर. आठशे चार." आणि वहीत लिहिलं.

तोलणं झाल्यावर काशम्मांनी मला आत नेऊन जे सांगितलं ते असं. मागच्या गुरुवारी साडेआठ झाले तरी चाचा आले नाहीत. कोंबड्या आत ओरडत होत्या. म्हणून काशम्मांनी फोन केला आणि विचारलं, कोंबड्या सोडू का कोंडून ठेवू? चाचा म्हणाले, "आज तोलणं न्हाय. दाणा टाका."

"इतका साधा आवाज होता, तंगी," काशम्मा म्हणाल्या; मला त्या तंगी, म्हणजे धाकटी बहीण म्हणायच्या. "मला वाटलं गाडी चुकली."

त्या वेळी चाचांच्या बायकोला, आयेशाचाचींना, जाऊन तीन तास झाले होते. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, तीन वर्षं डायलिसिस चालू होतं. त्या दिवशी पहाटे चाचा पेटी घेऊन निघत होते, तेव्हा त्यांनी चहा मागितला. चाचांनी पेटी खाली ठेवली, चहा केला, आणि कप घेऊन आले तेव्हा चाची नव्हत्या. संध्याकाळी दफन झालं. हे सगळं मला पुढे शगुफ्ताकडून कळलं. चाचांनी यातलं काही कधी सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत मी त्यांची माफी मागितली. फोनवर मी तसं बोलायला नको होतं, म्हटलं. ते म्हणाले, "तुमाला कुटं माहीत होतं." आणि पुन्हा खिडकीकडे वळले. त्यांना वाईट वाटलं होतं की नव्हतं, हे मला कळेना. बोरोटी गेलं, नागणसूर गेलं. मी डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली. त्यांनी खाल्ली. दुसरी दिली, तीही खाल्ली. मला वाटतं मी आणखी चार दिल्या असत्या तर त्यांनी त्याही खाल्ल्या असत्या.

तेराव्या आठवड्यापासून विसाव्यापर्यंत ते एकही गुरुवार चुकले नाहीत. मी म्हटलं होतं की थोडे दिवस आराम करा, मी करते. ते म्हणाले, आराम करून काय करू? चाळीसाव्याचा कार्यक्रम बुधवारी ठेवला होता. शगुफ्ता गुलबर्ग्याहून आली होती, घरात माणसं होती, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चाचा स्टेशनवर. शगुफ्ताने मला फोन करून विचारलं की तुम्ही त्यांना जबरदस्तीने बोलावता का? मी म्हटलं नाही. मग ती म्हणाली, अब्बा रडलेच नाहीत. दफनाच्या दिवशी नाही, नंतरही नाही. मंडपवाल्याला खुर्च्या मोजून परत दिल्या त्यांनी.

कामात मात्र फरक नव्हता. किंवा एकच होता. पूर्वी ते कोंबड्यांविषयी काहीतरी बोलायचे. सातव्या नंबरचा कोंबडा भांडकुदळ आहे, उघड्या मानेची ती लई हुशार, पिशवी दिसली की पळते. आता ते फक्त नंबर आणि आकडा सांगायचे. मार्चमधे ऊन तापायला लागलं. वजनं वाढायची थांबली, काहींची घटली. मी घाबरून विचारलं तर ते म्हणाले, काटा बरोबर हाय. त्यांनी प्रत्येक वेळी शिक्क्याचं वजन ठेवून पाहिलेलं असायचं. एप्रिलच्या मध्यावर विसावा आठवडा झाला तेव्हा एक्कावन्न कोंबड्या उरल्या होत्या आणि दुधनीच्या परसात सकाळी आठलाच फरशी चटके द्यायला लागली होती. शेवटची कोंबडी तोलून त्यांनी काटा पेटीत ठेवला, पिशवी झटकून घडी घातली. काशम्मांनी सगळ्यांना ताक दिलं. काम संपलं असं कुणी म्हणालं नाही.

आता मला माझी गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्यांच्या गोष्टीत येते.

मी आकडे भरायला बसले तेव्हा अकराव्या आठवड्याचा रकाना रिकामा. त्याच्याशिवाय सूत्र बसतं. गणिताला एक आठवडा नसला तरी चालतं. पण वळणाचा बिंदू नेमका तिथेच होता, आणि तो रकाना नसला की उत्तर ढिलं पडत होतं. मल्लिकार्जुन सरांना मी दाखवलं. ते वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगते. ते म्हणाले, बाकीच्या आठवड्यांवरून रेघ काढ आणि त्या रेघेवरून अकराव्या आठवड्याचे आकडे काढून भर. शास्त्रात अशी सोय आहे. ती आहेच, पण आकडे काढलेले आहेत, घेतलेले नाहीत, असं लिहावं लागतं. ते लिहायचं का, असं मी विचारलं. सर म्हणाले, लिहिलंस तर परीक्षक त्याच्यावरच बोट ठेवतील. वहीत पान आहेच, पूर्ण करून टाक.

मी केलं. चोपन्न कोंबड्यांचे चोपन्न आकडे काढले. सगळे रेघेवर तंतोतंत बसले असते तर कुणालाही संशय आला असता, म्हणून मी ते चार-दोन ग्रॅमांनी इकडे-तिकडे केले. मग निळ्या पेनाने, चाचांच्या अक्षरासारखे, वहीत उतरवले. हे करताना मला काय वाटत होतं ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला आहे. काही वाटत नव्हतं. उशीर होत होता, एवढंच.

प्रत्येक पानाखाली तोलणाऱ्याची सही लागत होती. चाचांनी बाकीच्या पानांवर त्या-त्या दिवशी केलेली होती. एका पानावरची राहिली होती. मी वही घेऊन दुपारी शुक्रवार पेठेत गेले आणि म्हटलं, एक सही राहिलीय.

त्यांनी चष्मा लावला. सही न करता पान वाचायला लागले, वरपासून. आकड्यांवरून बोट फिरवत. मला वाटलं होतं ते बघणारसुद्धा नाहीत. गेले कित्येक आठवडे त्यांनी कशाकडे बघितल्यासारखं बघितलंच नव्हतं.

"सत्तावीस नंबर सातशे बारा," ते म्हणाले.

मी पेन पुढे केलं.

त्यांनी पान मागे उलटलं, मग पुढे. दहाव्या आठवड्यात सत्तावीस नंबर सहाशे नव्वद होती, बाराव्यात सहाशे पंचावन्न. त्या सुमाराला तिच्या पायाला काहीतरी लागलं होतं, ती लंगडत होती, दाण्यापर्यंत पोचत नव्हती. मला ते आठवतही नव्हतं. सूत्राला तर माहीतच नव्हतं.

"ही खात नव्हती, मॅडम. मग वाढली कशी?"

मी सांगायचा प्रयत्न केला. हे आकडे बाकीच्या आठवड्यांवरून काढले आहेत, रेघेवरून, सरासरीने बरोबर आहेत, सगळे असंच करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "रेघ कशावरून काढली?"

"वजनांवरून."

"आन् आता ही वजनं रेघेवरून. मग तीच घालून पुन्हा रेघ काढणार."

मी हो म्हटलं.

"एखाद्या काट्यावर वजनं बनवायची, आन् त्याच वजनांनी तो काटा तपासायचा. बरोबरच दाखवंल की तो. कायम बरोबरच दाखवंल."

एवढं बोलून त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे दिली. रागाने नाही. आवाज चढला नव्हता. मला रडू यायला लागलं होतं आणि ते लपवायला मी वाद घालायला लागले. माझी तीन वर्षं गेलीत, तुम्हाला काय, एक सही तर आहे, तो आठवडा तुमच्यामुळेच गेला. शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मी थांबले.

चाचा काही क्षण भिंतीवरच्या पारड्यांकडे बघत राहिले.

"त्या दिवशी मी कुणालाच तोललं न्हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी मला सांगितलं, आणि मी त्यांना इतकं बोलताना त्याआधी आणि त्यानंतरही पाहिलेलं नाही. डायलिसिसच्या आधी आणि नंतर पेशंटचं वजन घेतात. दोन वेळांमधे अंगात किती पाणी साठलं आणि यंत्राने किती काढलं, ते त्यावरून कळतं. मंगळवारी आणि शुक्रवारी. तीन वर्षं आयेशाचाची काट्यावर चढायच्या आणि चाचा बाजूला उभे राहून आकडा वाचायचे. नर्स वाचायच्या आधी वाचायचे. चपला काढ, दुपट्टा बाजूला ठेव, पर्स माझ्याकडं दे, असं दर वेळी सांगायचे, आणि त्या दर वेळी म्हणायच्या की दुपट्ट्याचं काय वजन असतं? तो असतो दोनशे ग्रॅम, चाचा म्हणाले. शेवटच्या मंगळवारी आधी त्रेचाळीस किलो सहाशे, नंतर एक्केचाळीस दोनशे. त्याच्या आधीच्या शुक्रवारी चव्वेचाळीस शंभर आणि एक्केचाळीस पाचशे. ते असे मागे मागे जात राहिले. कुठंही लिहून ठेवलेलं नव्हतं. मी अडवलं नाही. सात-आठ आठवडे मागे गेल्यावर ते स्वतःच थांबले.

"शुक्रवारचं न्हाय माज्याकडं," ते म्हणाले. "त्रेचाळीस असतं, चव्वेचाळीस असतं. काय माहीत. मला काय माहीत."

त्यांचे डोळे कोरडे होते. एक भाजीवाली बाई बंद पडलेला काटा घेऊन आली, त्यांनी तो तिच्या हातातून घेतला आणि उलटा करून मागचे स्क्रू काढायला लागले. मी पायरीवरून उठून निघाले.

घरी जाऊन मी त्या पानावर एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं की ही वजनं घेतलेली नाहीत, संशोधकाने मागाहून भरली, ती रद्द समजावीत. खाली माझी सही केली. पान फाडलं नाही. मल्लिकार्जुन सर रागावले. पान फाडायचं सोडून हे काय केलंस, आता सगळी वहीच संशयात आली, असं म्हणाले, आणि ते खरं होतं. दोन महिने त्यांनी माझं प्रकरण वाचलं नाही. मग वाचलं. निबंध एका नियतकालिकाने परत पाठवला, दुसऱ्याने घेतला. त्यात लिहिलेलं आहे की दुधनी परिसरातल्या गावरान कोंबड्यांच्या वाढीचा वेग साडेदहा ते साडेबारा आठवड्यांच्या दरम्यान केव्हातरी सर्वाधिक असतो. केव्हातरी हा शब्द सरांना शेवटपर्यंत आवडला नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तो रकाना बघून विचारलं, अकराव्या आठवड्यात काय झालं? मी म्हटलं, तोलणाऱ्याच्या घरी मयत झाली होती. त्यांनी मान हलवली आणि पान उलटून उन्हाळ्यातल्या घटीबद्दल विचारायला लागले.

दिवाळीच्या सुमाराला चाचांनी दुकान बंद केलं. शगुफ्ता त्यांना गुलबर्ग्याला घेऊन गेली. पारडी त्यांनी भंगारात घातली असं पेठेत कुणीतरी सांगितलं, ते खरं की खोटं मी विचारलं नाही. मागच्या महिन्यात कामासाठी गुलबर्ग्याला गेले तेव्हा त्यांच्या घरी गेले होते. स्टेशनजवळ दोन खोल्या, दाराशी कढीपत्त्याचं झाड. चाचा थोडे भरले होते. शगुफ्ताला मुलगी झालीय, आठ महिन्यांची. तिला मांडीवर घेऊन ते पंख्याखाली बसले होते. मी प्रबंधाची प्रत दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, आतली पानं चाळली, आलेखावर थोडा वेळ थांबले, आणि काशम्मा बऱ्या हायेत का, असं विचारलं. मी म्हटलं बऱ्या आहेत, कोंबडे विकले, कोंबड्या अंडी देतायत. बरं, म्हणाले.

शगुफ्ताने आत बोलावून चहा दिला. ती म्हणाली, अब्बा आता रात्री झोपतात. मुलगी रांगायला लागली की तिच्या मागं मागं असतात, आणि कधी कधी हसतातसुद्धा.

मी असेपर्यंत हसले नाहीत. पण निघताना चपला घालून मला रिक्षापर्यंत सोडायला आले, रिक्षावाल्याला कानडीत नीट पत्ता सांगितला, आणि रिक्षा वळेपर्यंत तिथेच उभे राहिले.